लिंबाच्या रसाची कहाणी

उन्हाळ्यांत दुपारच्या वेळीं कोणी पाहुणा दारीं आला, कीं आपल्या घरांत पहिली आठवण लिंबाची होते. पाण्यांत रस पिळावा, साखर घालावी, चिमूटभर मीठ टाकावें आणि पेला पुढें करावा. ह्या पेल्यांतून आपण काय दिलें ह्याचा विचार देणारा करीत नाहीं आणि घेणाराहि करीत नाहीं. परंतु ह्याच रसाच्या दोन चमच्यांवाचून सुमारें तीनशें वर्षें जगाच्या समुद्रांवर माणसें मेलीं. १५०० ते १८०० ह्या काळांत स्कर्व्ही ह्या एकाच रोगानें वीस लाखांच्या आसपास खलाशी बळी घेतले असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतून आश्चर्य असें, कीं ह्या रोगावरचें औषध कोणालाच ठाऊक नव्हतें असें नाहीं. तें पुनःपुन्हां सांपडलें आणि पुनःपुन्हां हरवलें. आज जी हकीकत मी आपणांस सांगणार आहें, ती जितकी शोधाची आहे तितकीच विस्मरणाचीहि आहे.

लिंबाच्या कुळाचें माहेर आपल्याच बाजूला आहे. २०१८ सालीं शास्त्रज्ञांनीं ह्या फळांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी करून असें दाखविलें, कीं हें सारें कूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याकडे, म्हणजे आसामच्या पूर्वेपासून ब्रह्मदेशाचा उत्तरभाग व चीनमधील युनानपर्यंतच्या प्रदेशांत, उदयास आलें. महाळुंग, पपनस आणि मंदारिन जातीचें संत्रें हे ह्या घराण्यांतले मोठे मूळपुरुष. आपण रोज वापरतों तीं बहुतेक फळें संकरानें झालेलीं आहेत. महाळुंगाची ओळख आपल्याकडे फार जुनी. आयुर्वेदाच्या संहितांत तें ‘मातुलुंग’ ह्या नांवानें येतें, आणि कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातीं जें फळ आहे तें हेंच. ‘नारंग’ हा आपला शब्द फारसी व अरबी मुखांतून फिरत फिरत युरोपांत गेला आणि तेथें ‘ऑरेंज’ झाला. शब्दामागें फळ गेलें, का फळामागें शब्द, हें कांहीं असो. अरबांनीं तीं आंबट फळें भूमध्य समुद्राच्या कांठीं रुजविलीं. इतकें झालें, परंतु त्यांच्या अंगीं असलेला एक गुण कळावयाला माणसाला समुद्रावर जाऊन मरावें लागलें.

वास्को द गामा १४९८ सालच्या मे महिन्यांत कालिकतला पोंचला, ही गोष्ट शाळेंतल्या मुलालाहि माहीत असते. त्याच्या परतीच्या प्रवासाची हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाहीं. जातांना नैऋत्येच्या वाऱ्यानें त्याला आफ्रिकेपासून मलबारपर्यंत सव्वीस दिवसांत आणून सोडलें होतें. परततांना कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून तो ऑक्टोबरच्या आरंभींच निघाला. वारा अजून उलटला नव्हता. अनुकूल वाऱ्याची वाट न पाहिल्याचें प्रायश्चित्त असें मिळालें, कीं तोच अरबी समुद्र ओलांडावयास जवळजवळ तीन महिने लागले. खाण्यास वाळक्या बिस्किटांवाचून व खारवलेल्या मांसावाचून दुसरें कांहीं नाहीं. खलाशांच्या हिरड्या सुजून दांतांवर चढल्या, अन्न चावतां येईना, पाय सुजले, अंगावर काळेनिळे डाग उमटले. तीस माणसें ह्या एका टप्प्यांत गेलीं. एकेका जहाजावर काम करण्याजोगे सात-आठ जण उरले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला पोंचल्यावर त्यांनीं रोग्यांसाठीं पहिली वस्तु मागविली ती संत्रीं. येतांना ह्याच किनाऱ्यावर त्यांच्या माणसांना उतार पडला होता. तेवढा अनुभव त्यांच्यापाशीं होता. पुढें माणसें पुरेनात म्हणून तीन जहाजांपैकीं एक त्यांना स्वतःच्या हातांनीं जाळावें लागलें.

त्यानंतर सदतीस वर्षांनीं, १५३५-३६ च्या हिवाळ्यांत, कार्त्ये हा फ्रेंच दर्यावर्दी कॅनडांतल्या बर्फांत अडकून पडला. त्याच्या एकशेंदहा माणसांपैकीं पंचवीस स्कर्व्हीनें मेलीं. तेव्हां तेथल्या मूळच्या रहिवाशांनीं त्याला एका सदाहरित झाडाचीं पानें व साल उकळून प्यावयास शिकविलें. एक अख्खें मोठें झाड आठवड्याभरांत संपलें आणि बाकीचीं माणसें उठून उभीं राहिलीं. गुण केवळ फळांतच असतो असें नाहीं, हिरव्या पानांतहि असतो, हा धडा त्यांत होता. तो कोणी घेतला नाहीं.

१६०१ सालीं ईस्ट इंडिया कंपनीचीं पहिलीं चार जहाजें पूर्वेकडे निघालीं. त्यांचा नायक लँकेस्टर ह्यानें आपल्या जहाजावर लिंबाच्या रसाच्या बाटल्या घेतल्या होत्या, आणि रोज सकाळीं अनशापोटीं प्रत्येकाला तीन चमचे रस तो देववीत असे. केप ऑफ गुड होपजवळ पोंचले तेव्हां दुसऱ्या तीन जहाजांवर शिडें हलविण्याइतकीं माणसें धड नव्हतीं. लँकेस्टरच्या माणसांनीं जाऊन त्यांचे नांगर टाकले. ह्याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा होता? १६१७ सालीं कंपनीचा शस्त्रवैद्य वुडॉल ह्यानें आपल्या पुस्तकांत लिंबाच्या रसाची शिफारसहि छापली. तरीहि सव्वाशें वर्षांनंतर, १७४० सालीं, ॲन्सन हा इंग्रज सेनानी सुमारें एकोणीसशें माणसें घेऊन जगप्रदक्षिणेला निघाला आणि त्यांतलीं तेराशेंहून अधिक गमावून १७४४ सालीं परतला. शत्रूच्या हातून मेलेले त्यांत अगदीं थोडे. बहुतेकांना रोगांनीं नेलें, आणि त्या रोगांत स्कर्व्ही अग्रेसर.

ह्या अनर्थाच्या पार्श्वभूमीवर जेम्स लिंड नांवाचा तिशीचा एक आरमारी वैद्य पुढें येतो. २० मे १७४७ ह्या दिवशीं ‘सॅलिस्बरी’ जहाजावर त्यानें स्कर्व्हीचे बारा रोगी निवडले. सर्वांचीं लक्षणें शक्य तितकीं सारखीं. सर्वांची निजण्याची जागा एक, सर्वांचें अन्न एक. मग त्यानें त्यांच्या सहा जोड्या केल्या. एकीला सफरचंदाचें मद्य, दुसरीला गंधकाम्लाच्या अर्काचे थेंब, तिसरीला शिरका, चौथीला समुद्राचें पाणी, पांचव्या जोडींतील प्रत्येकाला रोज दोन संत्रीं व एक लिंबू, आणि सहावीला लसूण-मोहरी वगैरेंचें चाटण. फळें सहा दिवसांतच संपलीं. परंतु तेवढ्यांत फळें खाणाऱ्या दोघांपैकीं एक कामावर रुजू होण्याजोगा झाला, आणि दुसऱ्याला इतरांच्या शुश्रूषेस नेमण्यांत आलें. सफरचंदाच्या मद्यानें थोडा गुण दिसला. बाकीच्यांना कांहीं नाहीं.

श्रोतेहो, ह्या प्रयोगाचें महत्त्व लिंबाहून मोठें आहे. औषधाची परीक्षा करावयाची तर एका रोग्याला देऊन भागत नाहीं. तशाच दुसऱ्याला तें न देतां, किंवा दुसरें औषध देऊन, तुलना करावी लागते. आज कोणतेंहि नवें औषध बाजारांत येण्यापूर्वीं जी चांचणी होते, तिच्या पूर्वजांत ह्या बारा खलाशांची गणना होते.

पण पुढें काय झालें? लिंडनें १७५३ सालीं स्कर्व्हीवर ग्रंथ लिहिला. चारशेंहून अधिक पानांच्या त्या ग्रंथांत हा प्रयोग अवघ्या कांहीं पानांत आटोपला आहे. स्वतः लिंडला आपण काय सिद्ध केलें हें पुरतें उमगलें नव्हतें. दमट हवेनें घाम कोंडतो आणि रोग होतो, अशीच त्याची समजूत राहिली. शिवाय ताजीं फळें जहाजावर टिकत नाहींत म्हणून त्यानें रस आटवून त्याचा दाट पाक करण्याची युक्ति सांगितली. रसांतला प्राण उष्णतेनें व हवेनें नाहींसा होतो हें त्या काळीं कोणाला माहीत असणार? पाक आंबट लागे, तेवढ्यावर तो खरा वाटे. कॅप्टन कुक ह्याच्या प्रवासांत स्कर्व्हीनें फारसें कोणी मेलें नाहीं, पण त्यानें श्रेय दिलें तें जवाच्या माल्टला. असा थोराचा दाखला चुकीच्या बाजूला पडला, कीं सत्याला आणखी वीस वर्षें तिष्ठत बसावें लागतें.

अखेर सत्याला वाट फुटली ती हिंदुस्थानच्याच दिशेनें. १७९४ सालीं ‘सफोक’ हें युद्धनौकेचें जहाज इंग्लंडाहून निघून मद्रासला आलें. तेवीस आठवडे कोठेंहि बंदराला न लागतां केलेल्या त्या प्रवासांत खलाशांना रोज मद्यपाण्यांत लिंबाचा रस व साखर मिळत होती. स्कर्व्हीनें एकहि मृत्यु झाला नाहीं. पुढच्याच वर्षीं गिल्बर्ट ब्लेन ह्या वजनदार वैद्याच्या आग्रहानें ब्रिटिश आरमारांत रोज पाऊण औंस लिंबाचा रस देण्याचा प्रघात पडला. लिंडच्या प्रयोगाला तेव्हां अठ्ठेचाळीस वर्षें झालीं होतीं, आणि लिंड स्वतः वर्षापूर्वींच वारला होता. त्याच्या हॅसलर येथील इस्पितळांत १७८० सालीं स्कर्व्हीचे हजाराहून अधिक रोगी आले होते. १८०६ पर्यंत ते बोटांवर मोजण्याइतके राहिले.

येथें गोष्ट संपली असती तर ती सुखान्त झाली असती. परंतु औषध हातीं आलें तरी तें कशामुळें काम करतें हें कळलें नव्हतें, आणि न कळलेलें ज्ञान टिकत नाहीं. लिंबाचा गुण त्याच्या आंबटपणांत आहे, असें सर्वांनीं धरून चाललें होतें. १८६० नंतर आरमारानें भूमध्य समुद्राकडील मोठ्या पिवळ्या लेमनच्या ऐवजीं वेस्ट इंडीजमधलें लाईम, म्हणजे आपल्या कागदी लिंबाच्या जातीचें फळ, घेण्यास आरंभ केला. तें अधिक आंबट, म्हणून अधिक गुणकारी असणारच! वास्तविक त्या लाईमच्या रसांत स्कर्व्ही टाळण्याची शक्ति लेमनच्या चौथाईनेंच होती. त्यांतून तो टाकींत साठविला जाई, तांब्याच्या नळ्यांतून फिरविला जाई. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या भांड्यांत ठेवला कीं कळकतो, हें आपल्या घरच्या बायकांना कोणी शिकवावें लागत नाहीं. तांब्याच्या स्पर्शानें रसांतलें तें नाजूक द्रव्यहि झपाट्यानें नासतें, हें शास्त्राला पुढें कळलें.

इतकें होऊनहि कित्येक वर्षें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. कारण वाफेचीं जहाजें आलीं, प्रवास लहान झाले, आणि रस निकामी असला तरी रोग होण्याआधींच बंदर येऊं लागलें. फसगत उघडी पडली ती उत्तर ध्रुवाकडे. १८७५-७६ सालीं नेअर्सच्या मोहिमेंतल्या माणसांनीं हिवाळाभर रोज नेमानें लाईमचा रस घेतला, तरी वसंतांत बर्फावर ओढगाड्या घेऊन निघतांच ते स्कर्व्हीनें पडूं लागले. विद्वानांनीं ह्यावरून काढलेला निष्कर्ष पाहा : रस बदलला आहे असें नव्हे, तर रसांत कधींच कांहीं गुण नव्हता! रोग जंतूंपासून होतात हा पाश्चरचा सिद्धान्त त्या वेळीं ऐन भरांत होता. तेव्हां स्कर्व्हीहि नासलेल्या मांसांतल्या विषानें होत असली पाहिजे, असें ठरलें. १९०१ ते १९०४ च्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेंत स्कॉटच्या माणसांना स्कर्व्ही झाली, तेव्हां त्यांनीं डबे उघडून मांसाचा वास घेऊन पाहिला. एखादी वस्तु शरीरांत शिरल्यानें रोग होतो हें माणसाला चटकन् पटतें. एखादी वस्तु न मिळाल्यानेंहि होतो, हें पटावयाला फार उशीर लागला.

ह्या विस्मरणाची झळ पुढें आपल्या माणसांनाहि लागली. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांत गेलेली सहावी डिव्हिजन पुण्याच्या नांवानें ओळखली जाई. तिच्यांत १०३, ११० व ११७ ह्या क्रमांकांच्या मराठ्यांच्या पलटणी होत्या. कोंकणांतले व देशावरचे शेतकऱ्यांचे मुलगे त्यांत होते. १९१५ च्या डिसेंबरांत कुत-अल्-अमारा येथें तुर्कांनीं ही फौज वेढली आणि २९ एप्रिल १९१६ ला ती शरण गेली. त्या पांच महिन्यांत एक विलक्षण गोष्ट दिसून आली. गोरे सोल्जर पांढऱ्या पिठाच्या पावावर होते; त्यांना बेरीबेरी झाला. हिंदी शिपाई आटा खात, त्यांना तो झाला नाहीं. उलट गोरे घोड्याचें ताजें मांस खात, म्हणून स्कर्व्हीपासून वांचले. हिंदी शिपायांनीं बरेच दिवस तें नाकारलें आणि ते स्कर्व्हीनें खंगले. अखेरीस तटाबाहेरचा पालापाचोळा वेंचून त्याची भाजी करण्याची वेळ आली. त्याच युद्धांत फौजेला पुरविलेला लाईमचा रस कुचकामी ठरला, आणि तो कां ठरला ह्याचा शोध लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्यें हॅरिएट चिक व तिच्या सहकारी स्त्रियांनीं घेतला. लेमन आणि लाईम ह्यांतला चौपटीचा फरक १९१८ सालीं त्यांनींच दाखविला. त्यांनीं आणखी एक उपाय सुचविला : अख्खें कडधान्य भिजवून त्याला मोड आणावे. कोरड्या दाण्यांत नसलेलें तें द्रव्य मोड फुटतांना त्यांत उत्पन्न होतें.

मोड आलेली मटकी! ज्या मुलांच्या हिरड्यांतून कुतमध्यें रक्त येत होतें, त्यांच्या आया घरीं ओल्या फडक्यांत मूगमटकी बांधून ठेवीत होत्या. फौजेच्या शिध्यांत डाळ होती. परंतु भरडलेल्या डाळीला मोड येत नाहींत. घरांतल्या ज्ञानाला सरकारी कोठारापर्यंत जाण्याची वाट नव्हती.

आतां ह्या द्रव्याचें मर्म. १९०७ सालीं नॉर्वेंतील होल्स्ट व फ्रोलिक ह्यांनीं गिनीपिगला नुसतें धान्य घालून त्याला स्कर्व्ही झालेली दाखविली. हें सुदैव म्हणावें लागेल. कारण गाय, शेळी, कुत्रा, उंदीर हे प्राणी तें द्रव्य स्वतःच्या देहांत तयार करतात. मनुष्य, वानर आणि गिनीपिग ह्यांना मात्र तें बाहेरून घ्यावें लागतें. पुढें अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी हा हंगेरियन शास्त्रज्ञ एका निराळ्याच कोड्यामागें लागला. सफरचंद किंवा केळें कापून ठेवलें कीं काळें पडतें. लिंबू पडत नाहीं, तें कां? हवेंतल्या प्राणवायूनें फळाचा रस जळतो, म्हणजे त्याचें ऑक्सिडीकरण होतें, म्हणून तें काळवंडतें; लिंबाच्या रसांत कांहींतरी असें आहे, कीं तें स्वतः आधीं जळतें आणि दुसऱ्याला वांचवितें. १९२८ सालीं त्यानें तें द्रव्य स्फटिकरूपानें वेगळें केलें. १९३२ सालीं उघड झालें, कीं हेंच तें क जीवनसत्त्व. त्याच वर्षीं अमेरिकेंत किंग ह्यानेंहि तें लिंबाच्या रसांतून काढलें. स्कर्व्हीला हटविणारें म्हणून त्याला ॲस्कॉर्बिक ॲसिड हें नांव मिळालें, आणि १९३७ सालीं सेंट-ग्यॉर्गीला नोबेल पारितोषिक. कापलेल्या केळ्यावर लिंबू पिळणारी गृहिणी आणि हा शास्त्रज्ञ एकाच गोष्टीकडे पाहत होते. आंबटपणा निराळा आणि हा गुण निराळा. आंबटपणा सायट्रिक आम्लाचा. म्हणूनच शिरका व गंधकाम्ल हरले. आपल्या देहांतले स्नायू, हिरड्या, रक्तवाहिन्या ज्या कोलॅजनच्या धाग्यांनीं बांधलेल्या असतात, ते धागे बळकट होण्यास हें जीवनसत्त्व लागतें. तें नसलें कीं बांधणी उसवते आणि जुने भरलेले व्रणहि पुन्हां उघडतात.

सेंट-ग्यॉर्गीला तें विपुल सांपडलें तें त्याच्या गांवच्या ताज्या मिरचींत. हिरव्या मिरचींत तें लिंबाहून अधिक असतें. ज्या पोर्तुगीजांचे खलाशी ह्या द्रव्यावांचून अरबी समुद्रांत मेले, त्यांनींच पुढें अमेरिकेची मिरची आपल्याकडे आणली, हा इतिहासाचा विनोद म्हणावयाचा.

आंबटपणाचा स्वतःचा गुण नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. तो जंतूंच्या विरुद्ध आहे. पटकीचे जंतु आम्लापुढें दुबळे असतात. १९९४ सालीं पश्चिम आफ्रिकेंतील गिनी-बिसाऊ येथें पटकीची सांथ आली, तेव्हां भाताबरोबरच्या कालवणांत लिंबू पिळून खाणाऱ्यांत रोग कमी आढळला. लिंबाचें पान चुरडलें कीं जो वास येतो, त्या तेलांतील सिट्राल वगैरे द्रव्येंहि प्रयोगशाळेंत कित्येक जंतु व बुरशी रोखतांना दिसतात. झाडानें तीं आपल्या रक्षणासाठींच सांठविलेलीं असावींत. पण कांचेच्या नळींत जें घडतें तें माणसाच्या पोटांत घडेलच असें नाहीं. लिंबू पिळलें म्हणून पाणी उकळण्याचें सोडावें, किंवा पटकीच्या रोग्याला मीठसाखरेचें पाणी व डॉक्टर ह्यांऐवजीं लिंबू द्यावें, असा अर्थ कोणी काढला तर तो लिंडच्या पाकाचीच पुनरावृत्ति करील.

स्कर्व्ही टाळावयाला हें द्रव्य लागतें तरी किती? दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडांत शेफील्ड येथें स्वयंसेवकांवर प्रयोग झाले. दिवसाला दहा मिलिग्रॅम त्यासाठीं पुरेसें ठरलें. ताज्या लिंबाच्या रसाचे दोन-तीन चमचे! लँकेस्टर १६०१ सालीं तेवढेंच देत होता. त्याचें माप बरोबर होतें. कारण माहीत नव्हतें, एवढेंच. आणि कारण माहीत नव्हतें म्हणूनच पुढच्या पिढ्यांनीं फळ बदललें, रस आटविला, तो तांब्यांत ठेवला, आणि शेवटीं लिंबालाच खोटें ठरविलें.

घरांत चालत आलेली रीत खरी असूं शकते. परंतु ती कशामुळें खरी आहे हें शोधून ठेवलें नाहीं, तर एखाद्या पिढीच्या हातून ती निसटते. आपल्या मुलीनें उद्यां विचारलें, कीं कोशिंबिरीवर लिंबू जेवावयाला बसतांनाच कां पिळावयाचें, तर “तशी पद्धत आहे” असें सांगून तिला गप्प बसवूं नये. तिला त्या बारा खलाशांची गोष्ट सांगावी.